ओटा, भिंत आणि दिंडीची पंगत

वाचकमंडळी भेटली म्हणजे आम्हांस फिरून फिरून एक प्रश्न विचारतात, आणि आम्ही त्याचे उत्तर आजवर कीर्तनाच्या ओघात देऊन मोकळे होत आलो. प्रश्न असा, की वारकऱ्याने प्रपंच टाकावयाचा नाही हे तर आपल्या संतांनीच दाखवून दिले. मग प्रपंच नीट करता करता थांबावयाचे कोठे? घर गळते तर शाकारावे, हे बरोबर. पण शाकारता शाकारता माडी चढली, माडीला सज्जा आला, सज्जाला नक्षीचा कठडा आला, तर यांतील कोणत्या पायरीवर परमार्थ मागे राहिला? आम्ही उत्तर मोठ्या आवाजात देत असू. गरजेपुरते घ्यावे, हाव सोडावी, असे म्हटले की टाळ वाजत आणि आम्हीही पुढच्या दृष्टान्ताकडे वळत असू. तोवर आमच्या घरचा ओटा फुटला नव्हता.

ही हकिगत २०२५ सालची आणि घरचीच आहे. सांगताना संकोच होतो. पण दुसऱ्याचे दोष कीर्तनात सांगावयाचे आणि आपले माजघरात ठेवावयाचे, हे काही खरे नव्हे.

आमचे बिऱ्हाड विरारला, पूर्वेकडे, एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. वडील लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या संपात गिरणगाव जे मोडले ते मोडलेच. पुष्कळ कुटुंबांनी चाळीतल्या खोल्या विकल्या; कोणी गावी गेले, कोणी नालासोपारा-विरारकडे सरकले. आम्ही दुसऱ्यांतले. इमारत १९९४ सालची. वसई-विरार महानगरपालिका व्हावयास तेव्हा पंधरा वर्षे होती. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीतच मोरी, तेथेच स्टोव्ह, तेथेच देव. विरारला स्वतंत्र स्वयंपाकघर मिळाले, तेव्हा आईने त्या ओट्याला हळदकुंकू वाहिले होते. काळ्या कडप्प्याचा ओटा, वर दोन फळ्या, कोपऱ्यात सिंक, आणि बैठकीच्या खोलीकडल्या भिंतीत एका कोनाड्यात विठ्ठल-रखुमाई. पाणी ठरल्या वेळी येई. तेवढ्यात पिंपे भरून घ्यावयाची. याहून अधिक आम्हांस काही लागले नाही, असे आम्ही सांगत असू.

'आम्हांस' म्हणजे कोणास, हे पाहण्याची बुद्धी मात्र झाली नाही.

ओटा घातला तो अठ्ठावीस इंच उंचीचा. मिस्त्रीने त्याच्या सवयीने घातला. आमच्या घरच्या मंडळींची उंची आमच्याएवढीच. सून म्हणून आल्यापासून त्या रोज त्या ओट्यावर कमरेत वाकून उभ्या. आला-गेला, टाळकरी, एकादशीच्या भजनाला जमलेली मंडळी, सर्वांचे चहापाणी तेथूनच. पाठ दुखते असे त्या म्हणत. आम्ही शेक घ्या म्हणत असू. सिंकाजवळ कडप्प्याला चीर गेली ती किमान नऊ वर्षांपूर्वी. पाणी खाली झिरपे. आम्ही दर दिवाळीला पांढरे सिमेंट भरत असू आणि ते होळीपर्यंत टिके. नऊ दिवाळ्या आम्ही अशा काढल्या. ही साधी राहणी आहे, असा आमचा समज होता.

२०२५ च्या गुढीपाडव्याला फळी खचली आणि ओट्याचा तुकडाच खाली आला. तेव्हा ठरले की ओटा नवा करावयाचा. उंची चौतीस इंच, दगड ग्रॅनाईटचा, काम आठ दिवसांचे, खर्च चाळीस-पंचेचाळीस हजार. अक्षय्य तृतीया झाली आणि मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन आला.

पुढचे वाचकांपैकी ज्यांनी घरात काम काढले असेल त्यांस सांगावयास नकोच. ओटा काढला तो भिंतीतला लोखंडी नळ गंजून चाळण झालेला निघाला. नळ बदलावयाचा तर भिंत खोदली पाहिजे. भिंत खोदली तर टाईल फुटल्या. तशा टाईल आता बाजारात मिळत नाहीत, म्हणून चारही बाजूंच्या काढल्या. नव्या टाईलपुढे जमिनीची लादी मळकी दिसू लागली. जुन्या लादीवर नवी बसविली ती दीड इंच वर आली, आणि दार घासू लागले; दार कापले तर ते सडलेले. मग विजेची तार. मग दुकानदाराने ट्रॉल्या दाखविल्या, ओढल्या की बाहेर येतात, ढकलल्या की आत जातात. आम्ही दुकानात उभे राहून एक ट्रॉली चांगली दहा-बारा वेळा आत-बाहेर केली, हे कबूल केले पाहिजे. ट्रॉल्या आल्यावर धुराडे हवेच. धुराड्याला चिमणी म्हणतात. आवाज मात्र चिमणीचा नव्हे.

यांतले एकही पाऊल अन्यायाचे नव्हते. प्रत्येक वेळी पुढच्या कामाला मागच्या कामाने कारण दिले. कोणी आम्हांस विचारते, की अहो हे का करता, तर आम्ही चोख उत्तर दिले असते. हाव म्हणतात ती समोरून येत नाही, ती कारणाच्या रूपाने येते, हे आम्ही दुसऱ्यांना पुष्कळदा सांगितलेले होते. स्वतःच्या घरात ती छिन्नी-हातोडा घेऊन आली तेव्हा आम्ही तिला चहा दिला.

कीर्तनकार या ठिकाणी लंगोटीची गोष्ट सांगतात. साधूची एकुलती एक लंगोटी उंदराने कुरतडली. उंदरासाठी मांजर पाळले, मांजराला दूध हवे म्हणून गाय आणली, गाईला चारा हवा म्हणून शेत घेतले, शेत पाहावयास माणूस हवे म्हणून लग्न केले. लंगोटी राखण्यासाठी सगळा संसार मांडला. गोष्ट केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे. फ्रान्स देशात अठराव्या शतकात दिदरो नावाचा एक मोठा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने आपल्या जुन्या अंगरख्याच्या आठवणीने हळहळत एक निबंध लिहिला आहे. त्याला नवा लालभडक अंगरखा मिळाला, त्याच्या शेजारी जुनी खुर्ची गरीब दिसू लागली, ती बदलली. मग मेज, मग भिंतीवरची चित्रे. एका अंगरख्यापायी खोली पालटली आणि तो स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा झाला. १९८८ साली एका अभ्यासकाने या प्रकाराला दिदरोचेच नाव दिले. साधूची लंगोटी काय आणि तत्त्ववेत्त्याचा अंगरखा काय, धागा एकच.

पण या दोन्ही गोष्टी आमच्या कामी आल्या नाहीत, आणि का आल्या नाहीत हे सांगण्यासाठीच हा लेख. साधू एकटा होता. लंगोटी टाकून तो उघडा बसला असता तरी चालते. दिदरोचा अंगरखाही त्याचा एकट्याचाच. आपला वारकरी असा एकटा नाही. स्वयंपाकघर सोडून दिले तर जेवावयाचे काय, आणि रांधणारी जी आहे तिच्या पाठीचे काय? लंगोटीची गोष्ट ऐकून जो गृहस्थ फुटका ओटा तसाच ठेवील तो विरक्त नव्हे. विरक्ती त्याची आणि कंबर दुसऱ्याची, असा तो व्यवहार आहे. नऊ वर्षे आम्ही तोच केला.

येथे एक कबुली द्यावयाची आहे. मुक्ताबाईंनी मांडे भाजले ती कथा आम्ही किती वेळा लावली असेल त्याची गणती नाही. विसोबांनी कुंभारांना सांगून खापर मिळू दिले नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतविला आणि मुक्ताईने भावाच्या पाठीवर मांडे भाजले. कथा लावताना आम्ही समोर बसलेल्या आयाबहिणींकडे पाहून म्हणत असू, पाहा, खापर नव्हते तरी अडले नाही, तुम्हांला मात्र रोज नवे भांडे हवे. हशा पिकत असे. त्या कथेत अडवणूक करणारा कोण आणि पाठ देणारा कोण, हे आम्ही नीट पाहिलेच नव्हते. बहिणीला खापर मिळेना तेव्हा भावाने तिला संयम शिकविला नाही. आपली पाठ पुढे केली.

जनाबाईंचेही तसेच. गोपाळपुरात त्यांचे जाते दाखवितात; पंढरीला गेलेल्या बहुतेकांनी ते पाहिले असेल, खुंट्याला हातही लावला असेल. जनी दळू लागली की विठ्ठल येऊन दळू लागे, अशी आपली श्रद्धा आहे. दळण हेच तुझे साधन आहे, सोस, असे देवाने तिला सांगितले नाही. तो बसला आणि त्याने खुंटा धरला. रांधणाऱ्याचे कष्ट हलके करणे हे ज्याला हलके काम वाटते, त्याने एकदा त्या जात्याकडे फिरून पाहावे. अजूनही आपल्या पालघर जिल्ह्यात डोंगराकडल्या पाड्यांवर कितीतरी बाया ओल्या लाकडांच्या धुरात डोळे पुशीत भाकरी थापतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या चुली-दिव्यांच्या अशा धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे गेली. चूल सुधारणे ही चैन आहे असे म्हणणाऱ्याने एक दिवस त्या धुरात बसावे.

तेव्हा ओटा नवा केला यात पाप नव्हते. तो नऊ वर्षे आधी करावयास हवा होता. गोष्ट बिघडली ती पुढे, आणि ती भिंतीपाशी बिघडली.

ज्येष्ठ लागला तरी काम संपेना. घरच्या मंडळी गॅलरीत एका शेगडीवर उकिडव्या बसून रांधीत होत्या, भांडी न्हाणीघरात घाशीत होत्या. म्हणजे जिची पाठ वाकू नये म्हणून काम काढले, ती सात आठवडे जमिनीवर वाकून बसली होती. हे आम्हांस दिसत होते की नव्हते? दिसत होते, पण आमचे डोळे ट्रॉलीवर होते. अशा वेळी कोणीतरी सुचविले, मिस्त्रीनेच असेल, की एवढे केलेत तर मधली भिंत काढा. आजकाल स्वयंपाकघर उघडे ठेवण्याची रीत आहे. बैठकीत बसलेल्याला सगळे दिसते, जागा मोठी वाटते. देवांचा कोनाडा त्याच भिंतीत होता. देव काय, खिडकीजवळ छान बसतील.

माउलींच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान त्या वर्षी १९ जूनला होते. त्याच दिवशी सकाळी मिस्त्रीने घण आणला. घरच्या मंडळींनी देव उचलून पाटावर ठेवले, पदराने कोनाडा पुसला आणि आमच्याकडे न पाहता म्हटले, "माझी पाठ ओट्याने वाकली होती. भिंतीने नव्हती."

एवढेच. पुढे एक शब्द नाही.

वाचकहो, आम्ही तीस वर्षे कीर्तन केले. त्यात याच्याइतके नेमके वाक्य आमच्या तोंडून गेल्याचे आठवत नाही. कोणते काम गरजेचे आणि कोणते हावेचे हे आम्ही वस्तूंवरून ठरवीत होतो. कडप्पा साधा, ग्रॅनाईट चैनीचे. फळी साधी, ट्रॉली चैनीची, असे. त्या बाईने वस्तूकडे पाहिलेच नाही. कोणाचे दुखणे होते आणि या कामाने ते हलके होते का, एवढेच तिने पाहिले. या मापाने ट्रॉलीदेखील टिकते, कारण खालचा जड डबा काढावयास आता वाकावे लागत नाही. भिंत टिकत नाही. ती कोणाच्याच दुखण्यावर नव्हती. ती बैठकीत बसणाऱ्या पाहुण्याच्या डोळ्यासाठी होती.

आणि तरीही आम्ही मिस्त्रीला म्हटले, मार. हे लिहिताना हात अडखळतो. पण तसे झाले खरे. मजूर ठरलेला होता, दुपारपर्यंत काम होणार होते, आणि बायकोच्या एका वाक्याने मागे फिरावयाचे म्हणजे मिस्त्रीसमोर शोभणार नाही, असे आमच्या मनात आले.

चौथा की पाचवा घाव पडला असेल. खालच्या मजल्यावरचे बाबा वर आले. कोकणातले, माळकरी, सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या घरी तेव्हा ते एकटेच होते. त्यांच्या हातात गिलाव्याचा तळहाताएवढा पोपडा होता. दारातच उभे राहून म्हणाले, "माउली, रागावू नका. आमच्या देव्हाऱ्यावर माती पडली. जरा हळू करता येईल का?"

आम्ही खाली गेलो. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा हातभर रुंद पडलेला होता, आत लोखंडी सळया दिसत होत्या, तांबेरलेल्या. नेमकी कोठे? आमच्या सिंकाच्या खाली. जेथे नऊ वर्षे आम्ही पांढरे सिमेंट भरीत होतो, त्याच जागी.

मागाहून एका जाणत्या इंजिनिअरला आणले. त्यांनी समजावून सांगितले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे म्हणून येथे देतो. अशा इमारतीत भार भिंतींवर नसतो. तो स्लॅबवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर आणि खांबावरून पायात जातो. म्हणून मिस्त्री म्हणतो की ही भिंत काढली तर काही होत नाही, आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु स्लॅबमध्ये जी सळी असते तिला पाणी लागले की ती गंजते, आणि गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा अधिक जागा व्यापते. ते आतून फुगते, काँक्रीट फोडते, गिलावा सुटतो. वसई-विरारसारख्या समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते. वर वर्षानुवर्षे सिंक झिरपत असेल तर खालच्याच्या डोक्यावर ते काम चालूच असते. कोणाला दिसत नाही. मग एखाद्या दिवशी घणाचा हादरा बसतो आणि जे सुटलेले असते ते पडते. घणाने पडले असे आपण म्हणतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली : सोसायटीला कळविले होते काय? नव्हते. घरातले बांधकाम तोडण्यापूर्वी सोसायटीची परवानगी घ्यावी लागते, आणि इमारतीच्या सांगाड्याला हात लावावयाचा तर महापालिकेचीही, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची तपासणी दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीची दर तीन वर्षांनी करावी असे आहे. आमची इमारत एकतीस वर्षांची. सोसायटीच्या सभेला आम्ही सहसा जात नाही. त्या दिवशी भजन असते.

त्या संध्याकाळी आमच्या ध्यानात आले ते असे. आम्ही समजत होतो की मनाचे दोन निरनिराळे रोग आहेत : एक कंजूष, जो आवश्यक तेही करीत नाही, आणि एक हावरा, ज्याला पुरे म्हणून माहीत नाही. पहिल्या रोगाला आम्ही साधेपणा म्हणून गौरवीत होतो आणि दुसऱ्यावर कीर्तन करीत होतो. आमच्या एका स्वयंपाकघरात हे दोन्ही एकाच माणसाचे निघाले. नऊ वर्षे जी चीर बुजविली नाही ती, आणि सात आठवड्यांत जी भिंत फोडावयास निघालो ती, दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती. ज्याच्या अंगावर भार पडतो त्याच्याकडे आम्ही पाहिले नाही. ओटा राहिला तो एकीच्या पाठीवर आणि एकाच्या छतावर राहिला; भिंत फुटली तीही त्यांच्याच डोक्यावर. आम्ही मध्ये बैठकीत बसून साधे काय आणि चैन काय याचा विचार करीत होतो.

कोणी म्हणेल, हा फार पुढचा विचार झाला; एका ओट्यापायी एवढे कशाला? तर दिंडीची गोष्ट राहिलीच.

आमच्या वडिलांपासून दिंडीला तरडगावच्या मुक्कामी एक पंगत आमच्या घरची असते. दोनशे पाने. संप चालू होता त्या वर्षीही वडिलांनी ती उसनवारी करून दिली होती, असे आई सांगे. वर्षभर त्यासाठी पैसे बाजूस टाकावयाचे आणि भिशीबरोबर ते दिंडीप्रमुखांकडे पोहोचवावयाचे, हा नेम. २०२५ साली ते पैसे ट्रॉल्यांत गेले. चोरी केली असे वाटलेही नाही. वारीला अजून अवकाश आहे, भरून काढू, असे वाटले. आमची वारीही त्या साली चुकली, कारण घर उघडे टाकून जाणार कसे? दिंडीप्रमुखांना फोन केला. बोलता बोलता आम्ही सबबी सांगू लागलो. नळ, लादी, दार. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "पंगत राहिली नाही, माउली. एका शेतकऱ्याने दिली. तुमची राहिली."

दिंडीचा स्वयंपाक ज्यांनी पाहिला आहे त्यांच्या डोळ्यांसमोर आता ते चित्र उभे राहील. ट्रकमधून शेगड्या उतरतात, पातेली उतरतात, रानात ताडपत्री पसरते. घटकाभरात दोनशे माणसांच्या भाकऱ्या होऊ लागतात. काकड्याच्या वेळी पाहावे तर तेथे काही नाही. राख झाकलेली, जागा झाडलेली. त्या स्वयंपाकघराला ओटा नाही म्हणून ते थोर, असे आम्ही म्हणत नाही; तेथेही रांधणाऱ्यांच्या पाठी दुखतात, आणि दिंडीतल्या पुरुषांनी पाणी वाहावे, पीठ मळावे, हे बोलण्यासारखे आहे; पण तो विषय निराळा. आम्हांस आठवते ते एवढेच, की त्या कामाला तिथीचा बंध आहे. आज तरडगाव, उद्या फलटण. एकादशीला पंढरीत पाय टेकले पाहिजेत. म्हणून पातेले कितीही मोठे झाले तरी ते मुक्काम गिळीत नाही.

पंढरीच्या देवळाचे काम निघाले तेव्हाही हेच पाहावयास मिळाले. १५ मार्च २०२४ पासून पदस्पर्शदर्शन बंद ठेवून गाभाऱ्याचे जतनाचे काम सुरू झाले. सगळा आराखडा सुमारे ७३ कोटींचा. पुष्कळांना वाटले, आता सोने-चांदी आणखी चढणार. झाले उलटे. खांबांवरची चांदी उतरविली, मागाहून बसविलेली ग्रॅनाईटची फरशी काढली, आणि खालचा जुना काळा दगड मोकळा केला. आमच्या घरी ग्रॅनाईट चढत होते, देवाच्या घरून उतरले होते. ही तुलना आम्ही हसण्यावारी नेत असू, पण ती डोक्यातून जात नाही. काम करता करता मेअखेर देवळात एक तळघर लागले, त्यात जुन्या मूर्ती निघाल्या. म्हणजे तेथेही एकातून दुसरे निघालेच. पण २ जूनला पायांवरचे दर्शन पुन्हा सुरू झाले. आषाढी १७ जुलैला होती, आणि लेकरे यावयाच्या आत दार उघडणे भाग होते. उरलेले काम उरले, ते दर्शन चालू ठेवून पुढे चालले. आमच्या घरी कोणाच्या येण्यासाठी काम थांबले? जे येणार होते त्यांचीच पंगत आम्ही खर्चून बसलो.

भिंत त्याच दिवशी थांबविली. चार घावांचे भोक विटा लावून बुजविले, देव परत कोनाड्यात बसले. बाबांच्या छताची गंजलेली सळी घासून, त्यावर लेप देऊन, गिलावा नवा केला, खर्च आमचा. ते नको नको म्हणत होते. आम्ही म्हटले, हे तुमच्यावर उपकार नव्हेत, नऊ दिवाळ्यांचे थकलेले देणे आहे.

मग ऑगस्ट आला. गणेशचतुर्थीच्या तोंडावर, मध्यरात्रीच्या सुमारास, विरार पूर्वेकडचीच एक चार मजली इमारत कोसळली. सतरा माणसे गेली. आमच्या भिंतीचा आणि त्या इमारतीचा काही संबंध नाही, आणि तो जोडावयाचाही नाही. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दुःखाचा कोणी दृष्टान्त करू नये. पण त्या रात्रीनंतर आमच्या इमारतीत कोणाला झोप लागली नाही. जिन्यात माणसे उभी होती. खालचे बाबा वर आले, आमच्या नव्या ओट्याला टेकून उभे राहिले, आणि त्यांनी फक्त वर छताकडे पाहिले. त्यांच्या पाठोपाठ आम्ही पाहिले. आमच्या वर चौथा मजला आहे. तेथेही एक सिंक असणार, तेथेही कोणी दर दिवाळीला पांढरे सिमेंट भरीत असेल, हे त्या क्षणापर्यंत आमच्या मनात आले नव्हते.

त्यानंतरच्या सोसायटीच्या सभेला आम्ही गेलो. तपासणीचा ठराव झाला. वर्गणी किती यावर दोन तास भांडण झाले; त्यात आम्हीही होतो, आणि पुष्कळ मोठ्याने. भजन तासभर उशिरा सुरू झाले.

ओटा चांगला झाला आहे. चौतीस इंच. घरच्या मंडळी त्यापुढे सरळ उभ्या राहतात. संध्याकाळी हरिपाठ म्हणत भाकरी थापतात तेव्हा मागून पाहिले तर वय दहा वर्षांनी कमी वाटते. जुन्या कडप्प्याचा न फुटलेला एक तुकडा बाबांनी मागून घेतला. तो जिन्याखाली दोन विटांवर बसविला आहे, त्यावर इमारतीची तुळस आहे. पंगतीचे पैसे आता आमच्याकडे नसतात. ट्रॉलीच्या सर्वांत खालच्या कप्प्यात एक डबा आहे, त्यात ते जमतात. कुलूप घरच्या मंडळींनी आणले; किल्ली कोठे असते हे आम्ही विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही.